हिरवी पडलेली तार

वसईच्या हवेत मीठ असते, हे तेथे घर असलेल्याला सांगावे लागत नाही. गॅलरीच्या लोखंडी जाळीवरचा रंग लवकर फुगतो, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, देव्हाऱ्यातील पितळ पुसून ठेवले तरी काही दिवसांत काळवंडते. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला खाडी, परिसरात मिठागरे आणि वर पावसाळ्याचे चार महिने. एव्हरशाईन सिटीतील इमारतींखाली, स्टिल्टमध्ये उभ्या असलेल्या वाहनांना ही हवा रात्रंदिवस लागते. नव्या मोटारींचे विजेचे जोड रबरी बुचांनी बंद केलेले असल्याने त्यांना तिची फारशी क्षिती नसते. परंतु त्याच रांगेत कापडी आच्छादनाखाली एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याही आधीची फियाट उभी असेल, तर तिच्या अंगावरील पत्र्यापेक्षा तिच्या पोटातील तारा अधिक वेगाने झिजत असतात. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर खर्च होतो. तारांचा गंज प्लॅस्टिकच्या वेष्टनाआड असतो आणि तेथे खर्च करण्याची बुद्धी बहुधा धूर निघाल्यावरच सुचते.

अशी मोटार व्यापारी घरातून सहसा विकली जात नाही. परवाना-राजच्या काळात फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दुकानाच्या पहिल्या बरकतीतून आलेली ती वस्तू असते. शिवाय तिचा वंश सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यापर्यंत जातो, हे या मासिकाच्या वाचकांस ठाऊक असेलच. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजे आणि विमाने यांच्याबरोबर मोटारीचाही ध्यास घेतला. परकीय सरकारने युद्धकाळात त्यांना पुरेसे साहाय्य दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ ची 'डिलाइट', मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून चितोडच्या राणीचे नाव धारण करणारी पद्मिनी, अशी ही मालिका आहे. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, यंत्ररचना इतकी सोपी की गल्लीतला मिस्त्रीही ती उघडून बसवी. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या, तसा त्यांच्यावर पोसलेला सुट्या भागांचा बाजार आणि हाताला सवय असलेले वायरमनही विरळ होत चालले आहेत. म्हणून उरलेल्या खासगी गाड्यांच्या मालकांनी या कामातील निदान निदानाचा भाग तरी स्वतः समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

दोषाची लक्षणे फसवी असतात. हेडलाइट पिवळट पडतो, हॉर्न घोगरा वाजतो, सेल्फ मारल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो. मालक बॅटरी बदलतो. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. काही गाड्यांत इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच ठेक्यात मिचकावू लागतो. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा हलतो. हा चमत्कार नव्हे. मोटारीत बॅटरीकडून दिव्याकडे एक तार जाते. परतीच्या प्रवाहासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी तार नसतेच. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. ज्या ठिकाणी दिव्याची अर्थिंगची तार स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते, तेथे गंज धरला की प्रवाहाला परतीची वाट सापडत नाही, मग तो शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने परततो. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर पडावी, तसा हा प्रकार आहे, आणि खतावणीतील चूक शोधावी त्याच चिकाटीने तो शोधावा लागतो.

तांब्याची तार हिरवी का पडते, हेही पाहण्याजोगे आहे. तांब्याला हवेतील प्राणवायू लागला की प्रथम त्यावर काळपट थर येतो. ओलावा आणि मिठातील क्लोराइड यांची जोड मिळाली की हिरवट क्षार धरू लागतात. हे क्षार विजेचे चांगले वाहक नाहीत. त्यातच ज्या जोडावर सतत बॅटरीचा धन दाब असतो, तेथे ओलाव्यात प्रवाहाची गळती होऊन धातू विरघळण्याची क्रिया आणखी वेग घेते. जोडाच्या तोंडाशी सुरू झालेला हा विकार तारेच्या बारीक पदरांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा, वेष्टनाच्या आत सरकत जातो. बाहेरून तार धडधाकट. आत वीतभर लांबीपर्यंत काळी.

आता आकडे पाहू. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेतील एका गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.४ ओहम असला, तरी ५ अँपिअरला तेथे २ व्होल्ट गळतात. दिव्याच्या खात्यावर जमा होतात फक्त १०. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात सरळ घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले तर प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. दाब कमी झाला की प्रवाहही थोडा घटतो, पण हिशेबाचे स्वरूप बदलत नाही. आणि गळालेले २ व्होल्ट गेले कोठे? २ गुणिले ५, म्हणजे १० वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जोडात मुरते. प्लॅस्टिकचे बूच वितळवायला, वेष्टन भाजायला आणि शेजारच्या कापडाला किंवा तेलकट धुळीला करपवायला ती पुरेशी असते. मंद दिवा आणि आगीची सुरुवात ही एकाच गळतीची दोन रूपे आहेत. दिवा मंद आहे, पण गाडी कुठे रात्री बाहेर काढायची आहे, असे म्हणून जे थांबतात, त्यांनी हे दुसरे रूप ध्यानात घ्यावे.

गळती शोधण्याचे साधन काही शे रुपयांत मिळते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावावा आणि दिवा चालू ठेवावा. ही अट महत्त्वाची, कारण प्रवाह वाहत नसेल तर गळतीही दिसत नाही. मीटरची एक कांडी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धन टोकावर टेकवली की जो आकडा दिसतो, तो जाण्याच्या वाटेवरील तोटा. मग एक कांडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगवर. हा परतीच्या वाटेवरील तोटा. परतीच्या वाटेवर दशांश एक-दोन व्होल्टपेक्षा अधिक तोटा असेल, तर अर्थिंग खराब आहे असे समजावे. जाण्याच्या वाटेवर तोटा मोठा असेल, तर मधल्या प्रत्येक जोडावर, म्हणजे फ्यूजच्या अलीकडे व पलीकडे, स्विचच्या अलीकडे व पलीकडे, असे मोजत जावे. बरेच वायरमन दिवा बंद ठेवून, मीटरच्या 'टीं' आवाजावर तार 'चालू आहे' असा निर्वाळा देतात. वीस पदरांपैकी एक पदर शाबूत असला तरी तो आवाज येतो. त्या परीक्षेचा येथे उपयोग नाही.

दुरुस्तीची सुरुवात बॅटरीपासून करावी. पान्याने प्रथम ऋण टोक सोडवायचे आणि काम संपल्यावर तेच शेवटी जोडायचे. धन टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो. (हे निगेटिव्ह अर्थच्या गाड्यांना लागू, त्याहून जुन्या काही इंग्रजी मोटारींत पत्र्याला धन टोक जोडलेले असते, तेथे पत्र्याला जोडलेलेच टोक आधी सोडवावे.) टोकांवर जमलेला पांढरा-निळसर थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेसाळून निघतो; सेलची बुचे मात्र तेव्हा घट्ट बंद हवीत, कारण सोडा आत गेला तर आम्ल निकामी होते.

त्यानंतर अर्थिंग. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणीची जाड पट्टी, बॅटरीपासून पत्र्याला येणारी केबल, हेडलाइटच्या मागचे स्क्रू, डिकीतील मागच्या दिव्यांचे स्क्रू, एवढी ठिकाणे साफ केली तर अनेक गाड्यांचा निम्मा आजार तेथेच संपतो. साफ करणे म्हणजे फडक्याने पुसणे नव्हे. स्क्रू काढावा, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासावा, लगही तसाच घासावा, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. रंगकाम नव्याने केलेल्या गाड्यांत हाच दोष हटकून आढळतो. गॅरेजमधून ताज्या रंगाची, आरशासारखी चकाकणारी गाडी येते आणि तिचे दिवे पूर्वीपेक्षा मंद असतात. रंग विजेचा वाहक नाही. स्क्रूखाली रंग गेला की परतीची वाट बंद.

तारेचे टोक काळे किंवा हिरवे असेल, तर ते मागे कापत जावे, आतील तांबे लालसर व स्वच्छ दिसेपर्यंत. बोटभर कापून काळेच दिसले, तर आणखी कापावे. वीतभर कापूनही काळेच असेल, तर ती संपूर्ण तार बदलावी. काळ्या तांब्यावर डाग धरत नाही, वरवर धरल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो. स्वच्छ तारेलाही डाग देण्यापेक्षा योग्य मापाचा लग पक्कडीने, म्हणजे खास त्या कामाच्या क्रिंपिंग पक्कडीने, दाबून बसवणे चांगले. डाग दिलेली तार त्या ठिकाणी ताठ होते आणि मोटारीच्या कंपनांनी डागाच्या कडेशी तुटते. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळू नये. बॉनेटखालील उष्णतेने तिचा डिंक वितळून पट्टी सुटते व त्या चिकट्यात धूळ आणि ओल दोन्ही बसतात. आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी मिळते, ती चढवावी. तार बारीक पदरांची, मोटारीसाठीच बनवलेली घ्यावी. नावांत वापरतात ती कथिलाचा मुलामा दिलेल्या पदरांची तार मिळाली तर वसईसारख्या ठिकाणी ती अधिक उत्तम. घरगुती वायरिंगची एकेरी जाड तार गाडीत घालणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो पुष्कळ ठिकाणी दिसतो.

फ्यूजविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. या जुन्या मोटारींत चिनी मातीच्या छोट्या नळकांड्यावर धातूची पट्टी असलेले फ्यूज असतात. त्यांच्या टोकांवर गंज धरला की ते गरम होतात, ढिले पडतात आणि दिवे लुकलुकू लागतात. एखादा सारखा उडतो, तेव्हा त्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तारेचे वेटोळे गुंडाळण्याची युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो; तो तारेच्या रक्षणासाठी असतो. ८ अँपिअरला वितळण्यासाठी बसवलेला दुवा ४० अँपिअरलाही वितळेनासा झाला, तर मग त्या मार्गातील दुसरे काहीतरी वितळणार, आणि ते बहुधा डॅशबोर्डच्या मागे असते. जुनी गाडी विकत किंवा वारशाने हाती आली की आधी फ्यूजचे झाकण उघडावे. तेथे चांदी दिसली, तर मागील मालकाच्या बाकीच्या आश्वासनांचेही मूल्य कळते.

हेडलाइटचा सारा प्रवाह डॅशबोर्डवरील जुन्या स्विचमधून नेण्याऐवजी बॅटरीजवळ रिले बसवावा, असे जाणते कारागीर सुचवतात. स्विच मग रिलेला केवळ इशारा देतो. भार वेगळ्या जाड तारेतून, स्वतंत्र फ्यूजमार्गे जातो. ही सुधारणा पुन्हा काढून टाकता येते आणि मूळ स्विचचे आयुष्य वाढते. याउलट मुलांच्या हौसेखातर टेप, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न आणि झगमगते दिवे हे सारे एकाच जुन्या तारेला टोचून जोडणे टाळावे. डायनॅमोच्या गाडीत तर मुळातच वीज मोजकी निर्माण होते. सिग्नलला गाडी उभी असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणूनच तेव्हा लाल दिवा लागतो. रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागच्या जागी चालू ठेवून बंद करणाऱ्यांची बॅटरी त्यामुळे भरत नाही, उलट सेल्फला लागलेली वीजही परत येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणलेली बरी.

मात्र वेष्टनच कडक होऊन वाकवल्यावर तडकत असेल, किंवा ठिकठिकाणी जोड दिसत असतील, तर तुकड्या-तुकड्यांची दुरुस्ती थांबवून पूर्ण हार्नेस नवा करावा. गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर याबाबत दुसरा विचारच नको. २००५ चा जुलै मुंबईने आणि २०१८ चा जुलै वसई-विरारने पाहिला आहे, आणि पाणी ओसरल्यावर पुसून चालू केलेल्या गाड्यांच्या तारा पुढील दोन-तीन वर्षांत आतून हिरव्या होत जातात. जुना हार्नेस काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, छायाचित्रे घ्यावीत, कागदावर नकाशा काढावा. वायरमनला हे वेळखाऊ वाटते. पण नवी तार मूळ रंगाचीच वापरावी, हा आग्रह मालकाने धरला नाही, तर तो एकच लाल गुंडाळा आणून सगळी गाडी लाल तारेने भरतो आणि पुढच्या वेळी शोधणाऱ्याला काहीच उलगडत नाही.

विमा हा भाग अनेकांनी तपासलेला नसतो. जुन्या मोटारीवर केवळ कायद्याने सक्तीचा तृतीय पक्ष विमा ठेवण्याची पद्धत आहे. त्यात स्वतःची गाडी जळाल्यास काहीही मिळत नाही. सर्वंकष विमा घेतला, तर आग व आपोआप पेट घेणे ही जोखीम त्यात येते. पण झीज, घसारा आणि 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' वगळलेले असतात. म्हणजे गंजलेली तार बदलण्याचा खर्च विमा देणार नाही. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेथे मालकाने गाडीची छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या आणि मूल्यमापन पुढे ठेवले नाही, तर भंगाराच्या भावाचा आकडा लिहिला जातो. पावती घेतली तर कर पडतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर वायरिंग करून घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. आणि स्टिल्टमधील गाडी पेटली, तर प्रश्न एका गाडीचा राहत नाही. शेजारी चार स्कूटर उभ्या असतात, वर पहिला मजला असतो, आणि तेथे कोणी झोपलेले असते. बॅटरीच्या ऋण टोकावर बसणारा, किल्लीने उघड-बंद होणारा मेन स्विच थोड्या पैशांत मिळतो. उभ्या गाडीची वीज त्याने पूर्ण तोडता येते. सोसायटीने अशा गाड्यांना तो सक्तीचा केला, तर तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीस २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, परंतु मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. हार्नेस नवा करणे यात बसत नाही, तेव्हा 'मूळपण जाईल' ही सबब पुढे करून जुन्या तारा जपण्याचे कारण नाही. पन्नाशी न गाठलेल्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि तेव्हा दिवे तपासले जातातच.

उरला चातुर्मास. या काळात बऱ्याच घरांत प्रवास कमी होतो, गाडी आच्छादनाखाली राहते आणि नेमका तेव्हाच उंदरांचा मुक्काम बॉनेटखाली पडतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. कुरतडणे ही त्याची गरज आहे, द्वेष नव्हे. ज्या घरात विष किंवा चिकट फळी चालत नाही, तेथे उपाय आधीच योजावे लागतात. डिकीत धान्याचे नमुने, गुळाची ढेप, प्रसादाची पुडी काहीही राहू देऊ नये. पत्र्यातील तारांच्या वाटांवर रबरी कड्या नव्या बसवाव्यात आणि मोकळ्या छिद्रांना बारीक लोखंडी जाळी लावावी. दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून ठेवावे. अंधार मोडला की उंदीर घर करत नाही. डांबरगोळ्यांचा वास आठवड्यात उडून जातो, त्यावर विसंबू नये. उंदीर आलाच, तर पिंजऱ्यात जिवंत धरून दूर सोडता येतो. अंगावर पूर्ण झाकणारे प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र घालू नये. आत घाम धरतो आणि तारांना जी हवा हवी, तीच मिळत नाही. सुती कापड, खालून हवा खेळती.

आषाढात गाडी उभी करण्यापूर्वी पुढचे-मागचे दिवे, हॉर्न आणि सेल्फ यांच्या वाटेवरील गळतीचे आकडे मीटरवर घेऊन, तारखेसह वहीत उतरवून ठेवावेत. कार्तिकी पौर्णिमेनंतर गाडी बाहेर काढताना तेच आकडे त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावेत. उजव्या हेडलाइटच्या अर्थिंगवर ०.१ चा ०.६ झालेला दिसला, की पहिला स्क्रू कोणता उघडायचा हे वहीच सांगते.